ओटीतला फोन

मंगलाबाईंच्या तोंडून एकदा शब्द गेला की गेला; मग इकडचं जग तिकडे झालं तरी माघार नाही. गुजराती मुलखातल्या लिंबायतच्या अख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. आणि नेमकं तेच त्यांच्या अंगाशी आलं.

मुलगा योगराज हजीऱ्याला कारखान्यात क्रेन चालवायचा. घरी बायको गायत्री गरोदर, आणि तारेचा फोन घरात यायला वर्षं लागायची, म्हणून पठ्ठ्याने कुणाचा तरी वापरलेला मोबाइल आणला. साबणाच्या वडीसारखा जाडजूड. अहो, गल्लीतला पहिला मोबाइल तो! मंगलाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि सातव्या महिन्यात ओटी भरताना तांदूळ-नारळाबरोबर तोही सुनेच्या ओटीत घातला. बायका खुदखुदल्या. गायत्री तो काढून फळीवर ठेवायला निघाली, तर मंगलाबाई कडाडल्या, "काढू नको व माय! ओटीतली वस्तू आहे. बाळंत होईस्तोवर कमरेलाच राहू दे."

राहिला. उठता-बसता, निजतानासुद्धा ओच्यात खोचलेला.

पुढे शेजारच्या सुमनने मंगलाबाईंना बाजूला घेतलं. गुजराती पेपरात आलंय म्हणे, पोटुशीने मोबाइल पोटाशी ठेवू नये, त्याची किरणं बाळाला बाधतात. मंगलाबाईंच्या काळजात चर्र झालं. पण आपणच ओटीत घातलेली वस्तू आपणच काढायची? गल्लीतल्या बायकांनी हसायचं? "पेपरवाल्यांना काय, रिकामे उद्योग!" असं म्हणून त्यांनी सुमनला वाटेला लावलं. वर बजावलं, "गायत्रीजवळ बोलू नको. उगाच घाबरेल."

तेव्हापासून सुनेच्या ओच्याकडे बघायचं त्या टाळू लागल्या. भाकरी थापताना मनात यायचं, आज सांगून टाकू. पण जीभ काही रेटायची नाही.

मग एका दुपारी गायत्री समोर येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "आत्या, बाळ सकाळपासून हललं नाही."

 मंगलाबाईंनी तो फोन ओच्यातून उपसला, फळीवर आदळला आणि सुनेला रिक्षात घातलं. दवाखाना येईपर्यंत त्या एकच घोकत होत्या: देवा, हट्ट माझा, शिक्षा त्या लेकराला नको.

दवाखान्यातल्या बाकावर गायत्रीने त्यांचा हात घट्ट धरला. "आत्या, काही वाईट झालं तर चूक माझी. सुमनने मला आधीच सांगितलं होतं. पण फोन पोटाशी असला की हेच जवळ आहेत असं वाटायचं. म्हणून नाही काढला. माझ्याच हौसेपायी..." आणि ती हुंदके देऊ लागली.

आता बोलायचं होतं. अगं वेडे, काढू नको म्हणाले ती मी, सुमनचं तोंड दाबलं तीही मीच, एवढंच तर सांगायचं होतं! मंगलाबाईंनी तोंड उघडलं आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "जाऊ दे पोरी. चुकतं माणूस."

म्हणजे माफी यांनी दिली. यांनी!

डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि हसल्या. "माँजी, बाळ मजेत आहे. झोपलं होतं. फोनने काही होतं की नाही, ते अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. पण पोटाशी बांधून ठेवायचा कशाला?"

गायत्रीने मान खाली घातली. "माझंच चुकलं, डॉक्टर."

मंगलाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

घरी आल्यावर गायत्रीने घोटभर दूध घेतलं आणि कुशीवर लवंडली. थोड्या वेळाने तिने एकदम हाक मारली, सासूचा हात ओढून पोटावर ठेवला. आतून सणसणीत लाथ बसली.

"लागली ना, आत्या?" गायत्री रडता रडता हसत होती.

"लागली व माय," मंगलाबाई म्हणाल्या. "चांगलीच लागली."