पिठातला खोकला

ताईला खोकला लागला तेव्हा बेकरीत कुणाचं लक्षही गेलं नाही. बेकरीत कुणी ना कुणी खोकतच असतं. गोणी रिकामी करताना, पीठ चाळताना, टेबल झटकताना नाकातोंडात थोडं जायचंच. ताई तर त्या पिठातच लहानाची मोठी झालेली. वडील गेल्यावर बेकरी तिनंच ओढली, शाळेत जाणाऱ्या धाकट्या भावाला मोठं केलं, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की भट्टीत काहीतरी करपतंय असं म्हणत ती आत निघून जायची. पुढे पुढे विषय निघेनासा झाला. केस पांढरे झाले, पण अंगावर सदा पीठ असल्यामुळे ते कुणाला कळत नाही, असं ती स्वतःच हसत सांगायची.

आधी नुसत्या शिंका होत्या. सकाळी चाळण हातात घेतली की सुरू. मग कोरडा खोकला आला, आणि मग छातीत कुणीतरी बारीक शिटी वाजवतंय असा आवाज यायला लागला. माडीवरच्या खोलीत जाताना मध्येच थांबावं लागायचं. कुणी पाहत असलं तर ती कठड्यावरची धूळ बोटानं पुसल्यासारखं करायची.

या सगळ्याचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता, निदान तिला तसं वाटत होतं. वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटच्या वर्षी ते दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून बसत आणि त्यांचे खांदे भात्यासारखे वरखाली होत. डॉक्टरांनी तेव्हा आजाराचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं होतं. घरात मात्र सगळे एवढंच म्हणायचे, ‘फुप्फुसं गेली.’ आता आपली पाळी आली, असं ताईनं मनाशी ठरवूनच टाकलं. डॉक्टरकडे गेलं की तेच नाव कानावर पडणार. त्यापेक्षा झाकली मूठ बरी.

एकदा ठरल्यावर तिला घाई झाली. धाकटा आजवर गाडीतून माल पोचवायचं काम बघत होता, पिठात हात घालायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. ताईनं त्याला कणकेपाशी उभं केलं. गोळा बोटानं दाबायचा, खळगा लगेच भरला तर अजून वेळ आहे, सावकाश भरला तर पाव भट्टीत टाकायला तयार झाला, हे तिनं त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याचं चुकलं की ती चिडायची, चिडली की खोकला यायचा, आणि खोकला आला की आणखी चिडायची. भावजयीला तिनं गिऱ्हाइकांच्या खोडी शिकवल्या. गिरणीवाला, ज्याच्याकडून वर्षानुवर्षं मैदा यायचा, त्याला आत बोलावून दार लोटून घेतलं आणि दोनतीनदा बराच वेळ बोलत बसली. धाकटा भोळा आहे, माझ्यामागे त्याला सांभाळून घ्या, एवढंच तिला सांगायचं होतं. पण ते तोंडातून नीट निघेना, म्हणून भेटी वाढल्या. गिरणीवाला विधुर आणि मितभाषी माणूस, तो नुसती मान हलवून जायचा. एका दुपारी तर तिनं आपले ठेवणीतले कपडे भावजयीच्या कपाटात नेऊन ठेवले. मला आता कुठे लागतात, म्हणाली.

घरातली हवा त्यानंतर बदलली. धाकटा आणि त्याची बायको कुजबुजत असायची, ताई आली की गप्प व्हायची. भावजय एकदा भांडी घासता घासता रडताना दिसली. धाकट्यानं एकदा विचारलंही, “ताई, आमचं काही चुकलं का?” ताई नाही म्हणाली. यांना कळलेलं दिसतंय, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. न बोलता कळलं म्हणजे बोलण्याचा ताप वाचला.

मध्येच भट्टीची आतली विटांची कमान खचली. दुरुस्ती होईपर्यंत बेकरी बंद ठेवावी लागली, म्हणून ताई मावशीकडे राहायला गेली. तिथे गेल्यावर नवलच झालं. खोकला हळूहळू कमी झाला, शिटी थांबली. मावशीबरोबर ती रोज टेकडीपर्यंत फिरून यायला लागली. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. ताईच्या मनात मात्र आलं, विझायच्या आधी दिवा मोठा होतो म्हणतात, तो हाच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागतो तो असा. परत येऊन तिनं चाळण हातात घेतली, आणि आठवडा संपायच्या आत छाती पुन्हा आवळली गेली. दिवा विझायला लागला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

एका सकाळी मैद्याची गोणी धाकट्याच्या हातून निसटली आणि फुटली. पांढरा ढग उठला. ढग खाली बसेपर्यंत ताईला श्वास बाहेर टाकता येईना. आत घेतलेली हवा आतच अडकल्यासारखी झाली. ती टेबलाला धरून उभी राहिली, आणि आपली कोपरं टेबलावर टेकलीत, वडिलांसारखीच टेकलीत, हे तिला दिसलं. मग मात्र तिची पाचावर धारण बसली. धाकट्यानं तिला उचलून माल न्यायच्या गाडीत बसवलं. पावाचे ट्रे उतरवायलाही तो थांबला नाही. इस्पितळाच्या दारात गाडी उघडली तेव्हा ताईच्या आधी दोन पाव घरंगळत बाहेर आले.

इस्पितळात तिच्या तोंडाला मास्क लावला. त्यातून वाफेसारखं औषध येत होतं. थोड्या वेळानं छातीची एक गाठ सुटली, मग दुसरी. ताई उशीला टेकली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. मध्यम वयाच्या, सर्दीनं आवाज बसलेला, आणि खुर्ची ओढून निवांत बसायची सवय असलेल्या. त्यांनी खूप विचारलं. कधीपासून, केव्हा वाढतं, घरात कुणाला, सिगारेट ओढता का. ताई सगळ्याला तुटक उत्तरं देत राहिली. शेवटी तिला राहवेना.

“किती दिवस आहेत, तेवढं सांगा. बेकरीची सोय लावायची आहे.”

“कशाला किती दिवस?” डॉक्टरीणबाईंना खरंच कळलं नाही.

“माझे. वडिलांची फुप्फुसं अशीच गेली. मला माहीत आहे सगळं.”

डॉक्टरीणबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. “तुमच्या छातीचे फोटो मी पाहिलेत. फुप्फुसं जागेवर आहेत आणि स्वच्छ आहेत. वडिलांना काय झालं होतं ते मी सांगू शकत नाही, त्यांना मी तपासलेलं नाही. ते सिगारेट ओढायचे?”

“भट्टीच्या धुराड्यासारखे.”

“मग त्यांचं दुखणं वेगळं असू शकतं. सगळे खोकले एकाच घरचे नसतात.”

दुसऱ्या दिवशी तिला एका यंत्रापुढे बसवलं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर एक तंत्रज्ञ. खोल श्वास घ्या म्हणाला, मग एकदम फुंका, आणि मग फुंका, फुंका, अजून, अजून, असं ओरडता ओरडता तो स्वतःच इतका लाल झाला की ताईला त्याचीच काळजी वाटली. मग पंपातून औषध ओढायला दिलं, थोडा वेळ बसवून ठेवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. या खेपेला पडद्यावरची रेघ चांगली वर चढली. ती त्या माणसानं अशा अभिमानानं दाखवली, जणू त्यानंच फुंकली होती.

“हा दमा आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फुप्फुसं नासलेली नाहीत, त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा सुजल्यात आणि आवळल्यात, हे त्यांनी बोटांची नळी करून, ती मिटून उघडून दाखवलं. औषधानं त्या उघडल्या, ते रेघेनं दाखवलंच. मग त्यांनी विचारलं, “सुट्टीवर असताना कसं असतं?”

ताईनं मावशीकडचं सांगितलं. दिव्याचंही सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे सरकून पुन्हा विचारलं, भट्टी बंद होती तेव्हा बरं, आणि चाळण हातात घेतली की पुन्हा सुरू, असंच ना? ताई हो म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचंच तोंड उघडं राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“पण पिठावर तर आम्ही जगलो,” ती हळूच म्हणाली. “जन्मभर काही झालं नाही.”

“शरीर बरीच वर्षं ऐकून घेतं. मग एक दिवस भांडायला उठतं. बेकरीत काम करणाऱ्यांना हे होतं, तुम्ही पहिल्या नाही आणि शेवटच्याही नाही.” अजून एकदोन तपासण्या करून खात्री करून घेऊ, असं सांगून त्यांनी तिला फुंकायची एक छोटी नळी दिली. कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी फुंकून बघायचं, काटा कुठवर जातो ते. रोज एक पंप घ्यायचा, बरं वाटलं तरी सोडायचा नाही, आणि मग गुळण्या करायच्या. अचानक दम लागला तर दुसरा पंप. पंपाची सवय लागते ना, हे ताईनं विचारलंच. “चष्म्याची लागते तेवढीच,” त्या म्हणाल्या. औषध थेट छातीत जातं, म्हणून अगदी थोडं पुरतं. मात्र पिठापासून लांब राहायचं, यात तडजोड नाही.

त्या गेल्या आणि धाकटा बायकोला घेऊन आत आला. रात्रभर बाकावर बसून दोघांचे चेहरे उतरले होते. ताईनं त्याला जवळ बोलावलं.

“मी काही इतक्यात मरत नाही रे.”

धाकटा बघतच राहिला. “मरत? कोण मरत होतं?”

“म्हणजे? तुम्हाला कळलं नव्हतं? मग कुजबुजत काय होतात? ही रडत का होती?”

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं खिडकीकडे. शेवटी तोच म्हणाला, “आम्हाला वाटलं, तू लग्न करतेयस.”

“कुणाशी?”

“गिरणीवाल्याशी. दार लोटून बोलत बसायचीस. कपडे देऊन टाकलेस, काम शिकवायला लागलीस. आम्ही म्हटलं, सांगायला लाजतेय.”

“घर सुनं होणार म्हणून मी रडत होते,” भावजय म्हणाली. “पण ताई, आम्ही मन घट्ट केलं होतं. नाही म्हणणार नव्हतो.”

ताई हसायला लागली. आधी पोटातून, मग खांद्यांतून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारच्या खाटेवरची बाईही उगाचच हसली. हसण्याच्या शेवटी खोकला येणार म्हणून ताईनं सवयीनं तोंडावर हात नेला, पण खोकला आला नाही. धाकटा तोवर खाटेच्या कडेवर डोकं टेकून रडत होता. मरणाची गोष्ट त्याला आता, सगळं निभावल्यावर पोचली होती. ताईनं त्याच्या केसांतून हात फिरवला. केसांत पीठ होतं. तिनं हात चादरीला पुसला आणि त्याला आंघोळ करून यायला सांगितलं.

तपासण्यांनी पीठच दोषी ठरवलं. मग बेकरीत बदल झाले. पिठाची खोली भिंत घालून वेगळी केली. कोरडा झाडू जाऊन ओलं फडकं आलं, कणीक मळायच्या यंत्रावर झाकण आलं, आत काम करणाऱ्या सगळ्यांनी मास्क लावायचे हा नियम झाला. ताईची रवानगी पुढे दुकानात झाली. पहिले दिवस वाईट गेले. धाकट्याचे पाव कधी दगड, कधी फोफसे. गिऱ्हाइकं तोंडावर सांगायची आणि ताई पाठ फिरवून ओठ चावायची. आत जाऊन एकदा बोटानं दाबून पाहावं असं हाताला फार वाटायचं. ती दारापर्यंत जायची आणि परत यायची. हळूहळू पाव सुधारले. नळीतला काटाही वर जाऊन तिथे टिकायला लागला.

गिरणीवाल्याला भावजयीनं ती लग्नाची गंमत सांगून टाकली. तो कानापर्यंत लाल झाला, आणि पुढच्या खेपेला भांग पाडून आला. भावजयीनं ताईला हळूच विचारलं, मग काय विचार आहे? ताई म्हणाली, “त्याच्या अंगावर पीठ असतं. डॉक्टरांची बंदी आहे.”

एकदा सकाळी एक म्हातारे मास्तर पाव घेऊन गेले आणि चष्मा काउंटरवरच विसरले. ताईच्या लक्षात आलं तेव्हा ते कोपऱ्यावरून वळत होते. ती चष्मा घेऊन निघाली, हाका मारत चौकापर्यंत गेली, चष्मा त्यांच्या हातात दिला, असं विसराळू असू नये म्हणून वर चार शब्द ऐकवले आणि परत येऊन काउंटरमागे उभी राहिली. पुढच्या गिऱ्हाइकाचा पाव कागदात गुंडाळताना तिला कळलं, की आपण धावत गेलो होतो.