मास्टरांच्या गळ्यातली टेप

मी शिंप्याच्या गळ्यातली टेप बोलतेय. माझ्या बोलण्यावर कितपत विसंबायचं, ते तुम्हीच ठरवा. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढली की सैलावते, आणि आकडे माझ्या अंगावर छापलेले असले तरी साल-महिने नाहीत. ठकीचा डावा खांदा मी पहिल्यांदा खाली मोजला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती की तेरा, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि सगळं घोडं तिथंच अडलंय.

कारखान्यात माझ्या दोन्ही टोकांना पितळी पत्रे ठोकले आणि मी मास्टरांच्या गळ्यात येऊन पडले. त्यांचा हात मोठा कसबी. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला पोक आलेलं. मास्टर कापडात असं काही झाकत, की गिऱ्हाईक आरशासमोर ताठ व्हायचं. "मास्टर, तुम्ही तर देवाच्या चुका दुरुस्त करता!" असं कुणी म्हटलं की स्वारी दिवसभर खूश. झाकलेलं काय होतं ते मला ठाऊक असायचं. पण मला विचारतो कोण?

ठकी त्यांची एकुलती एक लेक. तिचे सगळे कपडे तेच शिवत. एकदा शाळेच्या गणवेशासाठी त्यांनी खांद्यापासून कमरेपर्यंत मला लावलं. उजवीकडे एक आकडा, डावीकडे अर्धा इंच कमी. पुन्हा लावलं. तेच. मास्टरांनी क्षणभर मला बोटावर गुंडाळलं आणि सोडलं.

तेवढ्यात ठकीची आई म्हणाली, "अहो, हिचा एक खांदा उतरल्यासारखा वाटतो का हो?"

"माझ्या नजरेतून सुटलं असतं का? जुना शर्ट तिरका कापला गेला होता, बस. नवा घालू दे, मग बघ."

नव्या गणवेशात डाव्या खांद्याला पातळसं पॅड बसलं. आईनं मागून-पुढून पाहिलं. "झाली की सरळ! मी आपली उगीच धसका घेते."

माणसं आजार लपवतात ते पाहिलं होतं. आजाराला अस्तर लावून शिवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांना वाईट म्हणू? मला अजून कळत नाही. लेकीला कुणी वाकडी म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण दर गणवेशाला पॅड जाड होत गेलं, आणि दर वेळी ते मला जरा घाईनंच लावू लागले.

मग एका दुपारी हाडांच्या इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट बाई कोट सैल करून घ्यायला आल्या. टाचण्यांची डबी सांडली होती. ठकी घरच्या पातळ बनियनवर वाकून टाचण्या वेचत होती. बाईंचं बोलणं मध्येच थांबलं.

"ए पोरी, जरा उभी राहा. पाय जुळव, हात सैल सोड आणि पुन्हा वाक बघू."

ठकी वाकली. पाठीची उजवी बाजू आत उशी सारल्यासारखी वर आली. डावी खालीच राहिली.

"दप्तर एकाच खांद्यावर घेते हो," मास्टर म्हणाले. "आणि बसते कशी वाकडीतिकडी!"

"दप्तरानं होत नाही हे, मास्टर. बसण्यानंही नाही. कणा बाजूला वळतो आणि पिळतोसुद्धा. बहुतेक वेळा कारणच सापडत नाही. कुणाची चूक नसते यात. पण उद्याच घेऊन या. वाढीच्या वयात हा बाक थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी मास्टर इस्पितळात गेले ते मला गळ्यातून काढायचं विसरूनच. भिंतीवरच्या उजेडात ठकीचा एक्स-रे लागला होता. डॉक्टरांनी पट्टीनं दोन रेघा मारल्या आणि कोन मोजला. बावन्न अंश.

"पाठीला पट्टा नाही का लावता येणार?" आईनं विचारलं. "शेजारच्या मुलीला लावलाय."

"पट्टा बाक वाढू देत नाही, ताई. तेही बाक लहान असेल आणि मूल अजून वाढत असेल तरच. हिला चौदावं सरलंय, वाढ जवळजवळ संपलीय. एवढा मोठा बाक मात्र पुढेही हळूहळू वाढत राहतो. आता शस्त्रक्रियाच." मग त्यांनी मास्टरांकडे पाहिलं. "लक्षात कधी आलं तुमच्या?"

"दोन-तीन महिने झाले असतील."

ठकीनं वडिलांकडे पाहिलं. मी त्यांच्या गळ्यात होते. त्यांनी मला ओढून काढलं आणि खिशात कोंबलं.

शस्त्रक्रिया झाली. कण्याला सळया आणि स्क्रू बसले. ठकी सरळ झाली, थोडी उंचही. पण कमरेतून वाकून टाचणी उचलणं संपलं. आता गुडघ्यांवर बसावं लागतं. ती घरी आल्यावर मास्टर मला घेऊन पुढे झाले. "ये, नवा ड्रेस बेततो. आता पॅडबिड काही नको."

"राहू दे, बाबा. मी तयार कपडे घेईन."

पुन्हा तिनं मला अंगाला लावू दिलं नाही. मास्टरांनीही आग्रह केला नाही. त्यानंतर ते गिऱ्हाइकांची मापंसुद्धा दोनदोनदा घेऊ लागले. कशासाठी, कोण जाणे.

आता मास्टर नाहीत. मी खणात पडून असते. निम्मे आकडे पुसलेत, एक पत्रा निखळलाय. कुणी ऐकणार असेल तर एवढंच सांगते: लेकरांना आरशासमोर उभं करून समाधान मानू नका. अंगावरचे कपडे उतरवा, पुढे वाकवा आणि मागून बघा. काही दिसलं, तर शिंप्याकडे नेऊ नका.

हे सांगतेय तोच दुकान रिकामं करायला ठकी आली. चाळिशीतली, ताठ. कपाटामागे कापड बेतायच्या कागदी नमुन्यांचं भेंडोळं सापडलं, त्यात तिच्या गणवेशाचा नमुनाही होता. त्यावर मास्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'ठकी. डावा खांदा अर्धा इंच खाली. पॅड. हिच्या आईला सांगू नये.' खाली तारीख होती. ठकीनं बोटांवर महिने मोजले, मग पुन्हा मोजले. ती तेव्हा अकरा वर्षं चार महिन्यांची होती.