विमान एक, नंबर चार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाने कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं आकाश पालथं घातलं आणि प्रवासाचे गुण जमवले. चाळीस हजार झाले की विमान कंपनी एक तिकीट फुकट देते. ते त्याला आईसाठी हवं होतं. तिची धाकटी बहीण समुद्रापलीकडे अंथरुणाला खिळली होती, आणि एकतीस वर्षांत दोघींची भेट नव्हती.

आईला घेऊन तो विमानतळावर गेला, पण चौकशीच्या काउंटरवर नेमकी माशी शिंकली.

"अकराशे कमी पडतायत," काउंटरवरची बाई म्हणाली. "शेवटच्या प्रवासाचं तिकीट आमचं होतं, पण विमान आमच्या भागीदार कंपनीचं. त्यातून सगळ्यात स्वस्त तिकीट. त्याला गुण नाहीत."

त्याचा चेहरा पडला. आई मात्र केव्हाची आ वासून वरच्या फलकाकडे बघत होती. वेळ एक, दार एक, आणि नंबर चार कंपन्यांचे चार!

"एका दारातून चार विमानं सुटतात?"

"विमान एकच, आजी. तिकिटं चार कंपन्या विकतात."

"अगं बाई!" आईचा हात गालावर गेला. "म्हणजे आमच्या ह्याच्यासारखं. मला मुलगा, सुनेला नवरा, भाच्याला मामा, पण जेवायला बसतो एकटाच." मग ती थबकली. "तसं असेल तर उलटंही होत असेल की. तिकीट दुसऱ्याचं, विमान तुमचं?"

"होतं ना. त्याचे गुण देतो आम्ही, कोणी मागितले तर."

तो चमकला. चार महिन्यांपूर्वी ऑफिसने असंच एक तिकीट काढून दिलं होतं. वर परक्या कंपनीचं नाव, म्हणून ह्या शहाण्याने आपल्या गुणांच्या कार्डाचा नंबर दिलाच नव्हता. म्हणे, लोकांच्या ताटातलं आपण कशाला मागायचं! आता फोनमध्ये तो बोर्डिंग पास शोधून त्याने बाईपुढे धरला.

बाईने नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"धरता येईल," ती म्हणाली. "झाले चाळीस हजार. मंगळवारी एक जागा आहे, देऊ?"

छापलेला कागद आईने दोन्ही हातांत धरला. त्यावर तिचं नाव होतं. तिला खरंच वाटेना.

"एकतीस वर्षं," ती पुटपुटली, "आणि मंगळवारी?"

जन्मभर जे अशक्य म्हणून बाजूला ठेवलं, त्याला असा साधा वार असतो, हे मुलालाही नवंच होतं.

"ओळखेल का रे ती मला?" आईने विचारलं. "तिने मला शेवटचं पाहिलं तेव्हा माझे केस काळे होते."