इचलकरंजीला न पोचलेला स्कॅन

गोठ्यावर पत्रा घालताना कृष्णात शिडीवरून पडला आणि कोडोलीहून त्याला थेट कोल्हापूरच्या स्कॅन सेंटरवर आणलं. शुद्धीवर होता, पण वाटेत दोनदा उलटी झाली होती. टेक्निशियन प्रीतीनं लगेच डोक्याचा स्कॅन काढला. रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर मॅडम इचलकरंजीच्या शाखेत बसायच्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर फोटो पाठवायचे, एवढंच राहिलं होतं आणि तेवढंच होईना. पुन्हा पाठवले, पुन्हा लाल अक्षरं आली.

तिनं मॅडमना फोन लावला. "मोबाईलवर पाठवू का?"

"नको गं. डोक्याचं मोबाईलवर बघून मी सांगणार नाही. लाइन बघ आधी."

दारात कृष्णातची बायको अंजना उभी होती. "ताई, काय झालंय ह्यास्नी? सांगा की!"

"जरा थांबा, मावशी." प्रीती केबल तपासायला वाकली.

केबल घट्ट होती. इंटरनेट चालू होतं. तिनं इचलकरंजीच्या कॉम्प्युटरला पिंग केलं, म्हणजे नुसती हाक मारून पाहिली, तर त्यानं झटकन ओ दिली. म्हणजे वाट मोकळी होती, तो चालूही होता. फक्त फाईल आत घेत नव्हता. तिकडचे कॉम्प्युटर विश्वजित बघायचा. तिनं त्याला गाठलं.

"काय बदललंयस का रे तिकडं?"

"काल मॅडमना नवा कॉम्प्युटर बसवलाय. पण ॲड्रेस जुनाच ठेवलाय की."

"आणि फायरवॉल? ती बाहेरचं काही आत येऊ देत नाही. त्यात आपल्या स्कॅनचं दार, तो पोर्ट, उघडलास?"

विश्वजितनं तपासलं. "आयला, न्हाय. थांब, उघडतो."

प्रीतीनं आधी एकच फोटो पाठवून पाहिला. गेला. मग बाकीचे सोडले. हिरवी पट्टी शेवटाला टेकली तशी तिनं मॅडमना फोन लावला आणि ओरडलीच, "मॅडम, गेले! सगळे गेले!"

बाहेर अंजनानं हंबरडा फोडला.

प्रीती धावली. "अहो मावशी, फोटो गेले, फोटो! तुमचे मालक बोलतायत आत, या बघा!"

अंजना तिला ढकलूनच आत शिरली. कृष्णातनं मान वळवून विचारलं, "कोण रडतंय गं?"

थोड्या वेळानं मॅडमचा फोन आला. डोक्यात कुठं रक्त साचलेलं नव्हतं, हाडही शाबूत होतं. रात्रभर दवाखान्यात लक्ष ठेवलं की पुरे.

प्रीतीनं हे सांगताच अंजनानं डोळे पुसले आणि नवऱ्याला फैलावर घेतलं.

"हळू बोल की," तो म्हणाला, "डोकं ठणकतंय."

"ठणकू दे!" ती म्हणाली आणि त्याचा हात घट्ट धरून बसली.