तोकड्या काड्यांचा अँटेना

मित्रांनो, रोहण्याच्या बसथांब्यावर उतरून रूपरावांचं घर विचारलं, तर आजही लोक वर बोट दाखवतात आणि म्हणतात, "तो अँटेना दिसून राह्यला ना, तेच घर." तो अँटेना म्हणजे मी. मी म्हातारा आहे, ॲल्युमिनियमचा आहे, आणि खरं सांगायचं तर सध्या जरा ऐटीत आहे.

नागपूरच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. मधे एक दांडा आणि त्यावर आडव्या काड्या, एवढंच माझं शरीर. रूपरावांनी मला एसटीच्या टपावर बांधून गावी आणलं आणि लोखंडी पाइपावर उभं केलं.

तेव्हा साऱ्या आळीत टीव्ही एकच होता. संध्याकाळी अंगण माणसांनी भरायचं. वारा सुटला की मी फिरायचो आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग रूपराव छतावर चढायचे. खालून कोकिळाबाई, त्यांच्या पत्नी, ओरडायच्या, "उलीसा डाव्या अंगाले! हां, आलं, आलं! आता हात नका लावू!" माझ्याइतका मान तेव्हा गावात कुणाला नव्हता.

पुढे घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या. मग जवळच्या मनोऱ्यावरच्या जुन्या लहरीही कायमच्या थांबल्या, कारण सगळं डिजिटल झालं होतं. माझी तार तुटून लोंबू लागली. पाइपाला दोरी बांधून कोकिळाबाई कपडे वाळत घालू लागल्या. भंगारवाला आळीत आला की मान वर करून मला न्याहाळायचा, आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

रूपरावांची नात मंजुषा खो-खो खेळते. तिला अंगणात पहिल्यांदा पळायला शिकवलं ते रूपरावांनीच. यंदाच्या हिवाळ्यात ती राज्याच्या संघात निवडली गेली आणि संघ अंतिम सामन्यात पोहोचला. नेमके तेव्हाच रूपराव शेतात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि ते खाटेला खिळले. सामना होता दूरच्या शहरात, आणि तो फक्त तिथल्या दूरदर्शन केंद्रावरूनच दिसणार होता. छत्रीवर नाही, मोबाइलवरही नाही.

"मले पोट्टीचा खेळ पाह्याचा आहे," रूपराव एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. औषधही घेईनात.

मंजुषाची आई छाया आर्वीच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती अंगणात आली आणि माझ्याकडे बघत राहिली. टीव्ही दुरुस्त करणारा मुकेश शेजारीच राहतो. तो म्हणाला, "ताई, इतक्या दुरून इथवर काई येत नाई. आन् हा तं जुन्या लहरींचा अँटेना."

"जुना आहे तं नवा करू," छाया म्हणाली. "नव्या लहरी आखूड आहेत. त्याईले आखूड काड्या लागतात."

मित्रांनो, तिनं मला खाली उतरवलं आणि माझ्या काड्यांवर करवत चालवली. माझे लांब हात तुकड्या-तुकड्यांनी अंगणात पडले. मला वाटलं, संपलं सारं. पण उरलेल्या काड्या तिनं मोजून-मापून पुन्हा बसवल्या, नवी तार जोडली आणि मला आधीपेक्षा उंच बांबूवर चढवून त्या शहराकडे वळवलं.

सामन्याच्या सकाळी शेतांवर दाट धुकं होतं. "बरं झालं," छाया म्हणाली, "अशा हवेत लहरी लांब जातात." रूपरावांची खाट टीव्हीसमोर आणली होती. पडदा मात्र काळाच.

"काऊन नाई येऊन राह्यलं? मुंग्याई दिसत नाई!" रूपराव कासावीस झाले.

"बाबा, डिजिटलमधे मुंग्या नसतात. आलं तं लख्ख, नाई तं काळं."

छाया छतावर येऊन मला केसभर फिरवायची, थांबायची, पुन्हा फिरवायची. दूरवरून काहीतरी बारीक कंप येत होता. तो सापडायचा आणि निसटायचा. मी आखूड झालो होतो, पण बहिरा नव्हतो. सगळा जीव एकवटून मी त्याला धरलं.

"आलं!" कोकिळाबाई किंचाळल्या. "अवो, आपली मंजू!"

चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. बघता बघता आळी गोळा झाली. शेवटच्या क्षणाला मंजुषानं खांबाजवळ सूर मारून समोरची खेळाडू बाद केली आणि सामना जिंकला. "हान पोट्टी, हान!" म्हणत रूपराव खाटेची कड बडवत होते आणि रडतही होते. मुकेश धावत वर आला आणि माझ्या बांबूला कडकडून भेटला. "मानलं बाप्पा तुले!"

तेव्हापासून रूपराव वेळेवर औषध घेतात. परवा काठी टेकत अंगणापर्यंत आले आणि मला बघून गेले.

मित्रांनो, माझी पूजा वगैरे करू नका. कधीतरी शिडी लावून वर या, गंज खरवडा, ढिले नट आवळा. आणि घरातली जुनी वस्तू भंगारात टाकण्याआधी तिला नवं काम शिकवता येईल का, ते बघा. शिकताना दुखतं, हे मी लपवणार नाही. पण आता मंजुषाचा पुढचा सामना आहे, आणि जाता-येता सारी आळी मला बजावते आहे, "हालजो नको, बाप्पा!"