‘जी’ काढा, रुखमाबाई!

आता या रुखमाबाईले कितीदा सांगू, तुम्हीच सांगा! गाणं म्या लिहिलं, चाल म्या बसवली, अन् ही बाई त्याच्यात ‘जी’ कोंबते.

गाणं आहे राइस मिलच्या मालकावर. मूल गावातल्या आमच्या वस्तीच्या मागंच त्याची मिल. चिमणीतून तुसाची राख उडते. वाळत घातलेले कपडे काळे, ताटातला भात काळा, अन् रुखमाबाईची नात खुशबू अंगणात जराशी धावली का छाती धरून बसते. अर्ज देऊन देऊन आमचे हात दुखले. मंग आमच्या बायांच्या गायन पार्टीनं ठरवलं. जयंतीच्या कार्यक्रमाले मालक पाहुणा म्हणून येते, मंडप त्यानंच दिला, तर तिथीच त्याच्या तोंडावर गाऊ. म्या लिहिलं:

सांग रे मालका, सांग रे,
हवा कोणाच्या बापाची रे?

पार्टीत आवाज म्हणावा तर एकट्या रुखमाबाईचा. आम्ही बाकीच्या नुसत्या मागं ओढणाऱ्या. अन् ती काय गाते?

सांगा जी मालक, सांगा जी,
हवा कोणाच्या बाबूजीची जी?

कपाळाले हात लावला म्या. “अवो बाई, हे जुलमाविरुद्धचं गाणं आहे का लग्नाचं आवतन?”

“मी त्याच्या मिलवरच झाडू मारतो ना व कांता. रोज ‘हो जी, हो जी’. तोंडाले वळणच पडलं.”

“तो तुमच्या पोराच्या वयाचा. तुम्हाले ‘ए रुखमा’ म्हणते!”

“म्हणू दे. मले नाई जमत.”

“फक्त ‘रे’ म्हणा. म्हणा, रे!”

“रे जी.”

अव्वा! डोस्कं फिरलं माहं. अन् चालीतही ते ‘जी’ बरोबर मावते, तेच तर दुखणं.

जयंतीची संध्याकाळ आली. पहिल्या खुर्चीत मालक, गळ्यात हार. रुखमाबाईनं सुरू केलं, “सांगा जी मालक, सांगा जी...” मालक खुश! मान डोलवून राह्यला, मांडीवर ताल धरून राह्यला. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं रक्त आटवून लिहिलं, अन् ज्याच्यावर लिहिलं तोच वाहवा करते!

तेवढ्यात पुढं बसलेली खुशबू खोकाले लागली. थांबेचना. मालकानं नाकाले रुमाल लावला अन् हात झटकला.

“ए रुखमा, त्या पोट्टीले बाहेर ने आधी. सारी मजा जाऊन राह्यली.”

रुखमाबाई थांबली. तिनं माईक हातात घेतला.

“सांग रे मालका,” ती म्हणाली. गायली नाई, म्हणाली. “हवा कोणाच्या बापाची रे? तुह्या बापाची?”

मालक ताडकन उभा राह्यला. “उद्यापासून मिलवर पाय ठेवू नको!”

अन् इतके दिवस घसा फोडून ओरडणारी मी, पार्टीची पुढारीण, माह्या तोंडातून काय निघावं?

“बसा जी मालक, चुकलं जी तिचं...”

लाज वाटली हो. रुखमाबाईनं माह्याकडं पाह्यलं. रागावली नाई. खांद्याले धरून मले बाजूले केलं.

“खुशबूले पाणी पाज,” म्हणाली. “काम तर गेलं व. आता पुरं गाऊ दे.”

अन् तिनं दुसरं कडवं उचललं.