मोहनसिंगच्या नावाचं वाक्य

क्रियापदाच्या शेवटी येणारा एस इंग्रजीचे मास्तर फळ्यावर बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट काढत. तिथे ते खडू इतका दाबत, की त्याचा चुरा खाली पडे. कर्ता एकटा आणि तिऱ्हाईत असला की हा एस लागतो, हा नियम सातवीच्या सगळ्या वर्गाला पाठ होता. उदाहरणं मास्तर मुलांच्या वडिलांवरून देत. तशी ती लक्षात राहतात, असं त्यांचं म्हणणं.

लतीफाचे वडील बांगड्या विकत, म्हणून 'सैफुद्दीन सेल्स बँगल्स'. तांड्यावरून येणाऱ्या मोतीच्या वडिलांसाठी त्यांनी लिहिलं, 'मोहनसिंग स्टील्स अ गोट'. मोहनसिंग बकरी चोरतो. वर्ग हसला. मोहनसिंगने जन्मात कुणाची बकरी चोरली नव्हती. त्याच्या स्वतःच्याच पुष्कळ होत्या. पण वर्षभर तेच वाक्य चालू राहिलं. भूतकाळात त्याने बकरी चोरली, भविष्यकाळात तो चोरणार होता. नकारार्थी वाक्य करायचं असलं, की मास्तर दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेत.

मोतीला उभं राहून ते म्हणावं लागे. ती अचूक म्हणे. चुकली असती तर पुन्हा म्हणावं लागलं असतं.

एकदा घरी ती पुटपुटत असताना मोहनसिंगने आपलं नाव ऐकलं.

"माह्यं नाव घेतलं ना तू? काय म्हनून राह्यली?"

"मोहनसिंग बकऱ्या पाळते," मोती म्हणाली.

खरं सांगितलं असतं तर त्याने तिला त्याच दिवशी शाळेतून काढलं असतं. तिच्या थोरल्या भावाला, उदयसिंगला, चौथीत एका मास्तरने जातीवरून शिवी दिली, तेव्हा मोहनसिंगने तेच केलं होतं. उदयसिंग आता सडकेवर खडी फोडत होता. बापाला सांगायचं आणि शाळेतही राहायचं, हे दोन्ही कसं जमवायचं ते मोतीला कळत नव्हतं.

मोहनसिंगने ते इंग्रजी वाक्य पाठ केलं. केनवडच्या बाजारात बकरी विकायला बसला, की तो गिऱ्हाइकाला आधी ते ऐकवी. संध्याकाळी तो घरी आला की मोतीची आई हिरीबाई म्हणे, "आले सायेब! खाट टाक वं पोरी." मोती खाट टाके. उद्या सांगू, परीक्षा झाली की सांगू, असं ती स्वतःला बजावत राही.

माघात मोहनसिंग स्वतःच शाळेत आला. मोतीला आठवीत घालायचं होतं, त्याची चौकशी करायला. धुतलेलं पागोटं बांधून तो वर्गाच्या दारात उभा राहिला.

"मास्तर, मले बी इंग्रजी येते," तो म्हणाला, आणि छातीवर हात ठेवून खणखणीत आवाजात त्याने ते वाक्य म्हटलं.

वर्ग खो खो हसला. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"शाब्बास, मोहनसिंग! कबुली तर दिलीस. आता आणखी एकदा, मोठ्यानं."

सगळे हसतायत म्हणून मोहनसिंगही हसला. त्याने पुन्हा तोंड उघडलं.

"बा, म्हनू नोको." मोती उभी राहिली होती.

"काहून?"

"मी तुले खोटं सांगतलं. त्याचा अर्थ, मोहनसिंग बकरी चोरते. वर्षभर हे मास्तर माह्या तोंडून तुले चोर म्हनवून राह्यले."

आता कुणी हसत नव्हतं. मोहनसिंगने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर डस्टर शोधू लागले.

"दप्तर घे," मोहनसिंग म्हणाला. "चाल घरी."

लतीफाने बाकावरचं दप्तर उचलून मोतीपुढे धरलं. मोतीने ते घेतलं आणि परत बाकावर ठेवलं.

"मी येत नाई, बा. मी शाळा सोडत नाई. अन् ते वाक्य मी आता कदीच म्हननार नाई. मास्तर, तुमी बी आयका."